चार दिवसांचा खाडा

महाळुंग्याच्या सोजराबाईला बैलातलं जेवढं कळायचं तेवढं पंचक्रोशीत कुणालाच कळत नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. चाकणपासून खेडपर्यंत शर्यतीचे गाडे पळवणारे ढीगभर. मिशीला पीळ देणारे, गुलालात लोळणारे. पण नवा बैल घ्यायची वेळ आली की हीच मिशीवाली मंडळी गुपचूप तिच्या गोठ्याशी येऊन म्हणायची, "आक्का, जरा येऊन बघ की." ती जायची, बैलाच्या मागच्या मांडीवर हात दाबायची, डोळ्यात बघायची आणि एका शब्दात निकाल द्यायची. घ्या, नाहीतर नका घेऊ. मग चावडीवर तोच निकाल हे लोक स्वतःचा म्हणून सांगायचे. सोजराबाई मनात म्हणायची, सांगा बाबांनो, तुमची मिशी राहू दे वर.

पण माणसाच्या बाबतीत तिला कोण विचारतो? सगळी भानगड तिथंच झाली.

तिच्या भावाचा पोरगा ज्योतीराम तिच्याकडं राहायला होता. भाऊ पारनेरकडं शेती करायचा. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला आणि तेवीस वर्षांचा ज्योतीराम तिथं कामाला लागला, तेव्हा भावानं त्याला बहिणीच्या ओटीवर आणून सोडलं. सोजराबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा दौलतराव जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात पुन्हा कुणीतरी भाकरी मागायला आलं याचाच तिला केवढा आनंद. पोरगा गुणी होता. विडी नाही, तमाशा नाही. फक्त नाद होते, आणि तेही दोन.

पहिला नाद तालमीचा. भोसरीत कोंडाजी वस्तादांची तालीम होती. साठीचा म्हातारा, कान चिरडून वाटाण्याएवढे झालेले, पण आवाज असा की आखाड्यातली माती उडावी. दुसरा नाद सायकलचा. चाकणच्या पेठेत चांदभाईचं सायकलचं दुकान होतं. चांदभाई तरुणपणी पुण्यात शर्यती पळालेला. त्यानं जुन्या बाजारातून एकेक भाग गोळा करून खाली वळलेल्या हँडलची विलायती सायकल उभी केली होती आणि ती ज्योतीरामच्या हातात दिली होती. भाडं नाही, अट नाही. फक्त एवढंच म्हणाला होता, "सव्वीस जानेवारीला भोसरी ते खेड रेस आहे. अठरा मैल. माझी सायकल एकदा पुढं येऊ दे, बास."

आता बघा या पोराचा दिवस कसा जायचा. पहाटे चारला उठून नऊ मैल सायकल मारत भोसरी. तिथं वस्तादांपुढं बैठका आणि दंड, मग मुद्गल, मग मातीत लढत. सातला पिंपरीच्या कारखान्यात शिफ्ट, तिथं दिवसभर पिंपं हलवायची. तीनला सुटला की चाकण. तिथं चांदभाई हातात घड्याळ घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेला. चाकण ते खेड आणि परत, पुन्हा चाकण ते खेड आणि परत. दिवेलागणीला घरी यायचा तो पायांनी नाही, नुसत्या सवयीनं यायचा.

आणि हे दोन्ही गुरूंपैकी एकालाही सांगायचं नाही. तालमीत 'दमलो' हा शब्द शिवीसारखा. जो उच्चारेल त्यानं फावडं घेऊन आखाड्यातल्या मातीचा अख्खा हौद उकरायचा. चांदभाईनं तर काळजाचा तुकडा दिलेला, त्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून वस्तादांना वाटायचं पोरगा संध्याकाळी दुकानात जरा सराव करतो, चांदभाईला वाटायचं पोरगा पहाटे तालमीत जरा अंग मोकळं करतो. वस्ताद बदाम घोटून दूध पाजायचे. चांदभाईची बायको खैरुन्निसा उकडलेली अंडी हातावर ठेवायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तर हा दोन्ही घरी पोटभर खात होता आणि तरी वाळत चालला होता.

बरं, एवढं करून फळ काय? डिसेंबरात जे अंतर पाऊण तासात तोडायचा त्याला जानेवारीत पन्नास मिनिटं लागायला लागली. चांदभाईनं चाकाचा हब खोलला, ग्रीस बदललं. पुन्हा हळू आला तर पुन्हा खोलला. तालमीत एका कोवळ्या पोरानं ज्योतीरामला पाठीवर पाडलं, तेव्हा वस्तादांनी ओळखलं की नजर लागली. त्यांनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या आणि बैठका वाढवल्या. इकडं चांदभाईनं मैल वाढवले. दुखण्याला औषध म्हणून दुखणंच द्यायचं, अशी ही दोघांची वैद्यकी.

एकोणीसशे अठ्ठावन्नची संक्रांत आली. सोजराबाईनं गुळाच्या पोळ्या केल्या, वर तुपाची धार. ज्योतीरामनं एक पोळी खाल्ली, दुसरी अर्धी टाकली आणि पाटावरून उठला तो भिंतीला धरून. ओट्याची पायरी उतरताना तिरका झाला, एकेक पाय खाली ठेवत, आठवा महिना लागलेल्या बाईसारखा. सोजराबाई परात घासत होती. तिचे हात थांबले.

"ज्योत्या, इकडं ये. बस इथं."

तो बसला. तिनं गुडघ्याच्या वर मांडीत अंगठा दाबला आणि पोरगा कळवळला. मांस दगडासारखं झालं होतं, आणि हात काढला तरी आतल्या आत उडत होतं. हे तिनं पूर्वी एकदा पाहिलं होतं.

पूर्वी म्हणजे दौलतरावांच्या काळात. त्यांचा हौशा नावाचा बैल होता, शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, पळायला लागला की माणसं जेवण सोडून उठायची. एका वर्षी जत्रेच्या आधी नांगराचा बैल आजारी पडला, म्हणून दौलतरावांनी तीन दिवस हौशाला नांगराला जुंपला आणि चौथ्या दिवशी गाड्याला. जुंपण्याआधी सोजराबाईनं त्याची मांडी दाबली होती. अशीच दगडासारखी, अशीच उडणारी. तिनं नवऱ्याला सांगितलं, आज पळवू नका. चारचौघांत दौलतराव हसले आणि म्हणाले, बाईच्या सांगण्यावरनं गाड्याची बारी सोडू का? ती गप्प बसली. हौशा निम्म्या घाटात बसला आणि त्यानंतर कधीच धड उभा राहिला नाही. आपण पुन्हा एकदा का बोललो नाही, पुढं जाऊन कासराच का धरला नाही, हे तिनं स्वतःला शंभरदा विचारलं होतं.

ह्या खेपेला गप्प बसायचं नाही, असं तिनं ठरवलं. हौशाला नेमून दिलेला धनी होता. ज्योत्याची धनीण ती होती.

दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं भोसरीला गेली. तालमीची पायरी बाईनं चढायची नाही, असा रिवाज. म्हणून बाहेर चिंचेखाली उभी राहून तिनं निरोप धाडला. कोंडाजी वस्ताद खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले, अदबीनं चार पावलं लांब उभे राहिले.

"वस्ताद, पोराचे पाय संपत आलेत. शर्यत होईस्तोवर जरा दम द्या त्याला."

"सोजराबाई, पाय संपत नसत्यात, पाय घडत असत्यात. शर्यत हाय म्हणूनच तर वाढवलंय."

"गाड्याच्या बैलाला शर्यतीआधी चार दिवस जू लावत न्हाईत, ठावं हाय का तुमास्नी?"

वस्ताद मनापासून हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतं. "बैलाचं बैलाला, बाई. माणसाचं आमाला बघू द्या." आणि आत गेले. आतून लगेच बैठकांची मोजणी सुरू झाली.

परतताना ती चाकणला उतरली. चांदभाईनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग एका हातानं चाक फिरवत म्हणाला, "भाभी, तुमच्या मायेची कदर आहे. पण ही मशीन आहे. जितकी चालवाल तितकी साफ चालते." चहा चांगला होता. पण पालथ्या घड्यावर पाणी ते पालथ्या घड्यावर पाणीच, मग ओतणारा कितीका गोड बोलेना. सोजराबाई तीन मैल चालत घरी आली आणि वाटभर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आली.

ज्योतीरामनं रविवारच्या शर्यतीसाठी बुधवारपासून चार दिवस रजा टाकली होती. सोजराबाईला वाटलं, चला, देव पावला. मंगळवारी रात्री जेवताना पोरगा म्हणाला, "आत्या, वस्ताद म्हणालेत रजा हाय तर दोन्ही वेळ ये. चांदभाई म्हणालेत रोज भोसरीपासनं खेडपर्यंत पूर्णच मार." सोजराबाईनं भाकरी थापता थापता नुसतं "बरं" म्हटलं. असं शांत "बरं" तिच्या तोंडून ऐकलं की दौलतराव पूर्वी घराबाहेर निघून जायचे.

बुधवारी पहाटे ज्योतीराम उठला तर ओसरीवर सायकल उभी, पुढचं चाक गायब.

"आत्या, चाक?"

"चाक चरायला सोडलंय."

"आत्या, चेष्टा नगं. वस्ताद वाट बघत्यात."

"बघू दे. आजपास्नं रव्यवारपर्यंत तू माझ्या गोठ्यातला हायस. म्या म्हणीन तवा उठायचं, म्या म्हणीन तवा निजायचं. चाक कडब्याच्या गंजीत हाय, आन् गंजीपाशी म्या हाय."

पोरगा रडकुंडीला आला. वस्तादांना काय तोंड दाखवू, चांदभाईला काय सांगू. सोजराबाईनं गरम दूध दिलं आणि म्हणाली, निदान उजाडेस्तोवर आडवा हो, मग भांड. तो आडवा झाला, आणि उठला तेव्हा ऊन ओसरीच्या आत आलं होतं. चार भाकरी खाल्ल्या, भांडायचं विसरून पुन्हा निजला.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. आधी कोंडाजी वस्ताद आले, चाकणपर्यंत एसटीनं आणि पुढं काठी आपटत.

"पोरगा कुठं हाय?"

"निजलाय."

"दिवसा?"

"व्हय, दिवसा. रातचं निजायला कुणी ठेवलंय त्याला?"

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि चांदभाई अंगणात उतरला. वस्तादांचे चिरडलेले कान पाहिल्याबरोबर त्यानं ओळखलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अच्छा. म्हणजे तुम्ही लपवलात त्याला."

"मी? मी इथं त्याला शोधत आलोय. मला वाटलं तुमीच पळवला."

दोघेही एकमेकांना प्रथमच समोरासमोर बघत होते आणि दोघांच्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती. सोजराबाईनं मधे गोणपाट टाकलं. "भांडण मागनं करा. बसा दोघं. आधी मला एक सांगा. वस्ताद, पोरगा रोज किती बैठका मारतो?"

"आठशे. पंधरा दिवसांपास्नं हजार. आन् पाचशे दंड."

चांदभाईचा हात घंटीवरच राहिला. "हजार? रोज?"

"मग? पाय मजबूत नकोत?"

"आता चांदभाई, तुमी सांगा. रोज किती मैल?"

"अट्ठावीस," चांदभाई जरा हळू आवाजात म्हणाला. "शेवटचे चार जोरात."

"कारखान्यातनं आल्यावर?" वस्तादांनी विचारलं.

"त्याच्यानंतरच तर."

वस्तादांनी बोटांवर हिशेब करून पाहिला, मग मोजणं सोडून दिलं. चांदभाई म्हणाला, "मी हब तीनदा खोलला, वस्ताद. तीनदा. ग्रीस बदललं, गोळ्या नव्या टाकल्या. सायकलीत दोष शोधत बसलो."

"आन् मी मिरच्या ओवाळल्या," वस्ताद म्हणाले.

ज्योतीराम आवाजानं जागा होऊन दारात आला होता. दोन्ही गुरू एकदम दिसल्यावर तो पुन्हा आत पळणार होता, पण सोजराबाईनं हाक मारली. "उतर खाली." तो पायरी उतरला, तिरकाच, एकेक पाय ठेवत. दोघांनी पाहिलं. वस्तादांनी मान खाली घातली.

"ज्योत्या, कधी बोलला का न्हाईस रे?" त्यांनी विचारलं. पोरगा अंगठ्यानं अंगणातली माती उकरायला लागला.

पण म्हातारा सहजी हार मानणारा नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "चूक झाली, मान्य. निम्मं करू. पण चार दिस हातपाय पसरून बसून कोण जिंकलंय? आन् शेवटी बाई, माणूस आन् बैल एक न्हाई."

"न्हाईच," सोजराबाई म्हणाली. "बैल दमला की खाली बसतो. माणूस लाजंनं उभा ऱ्हातो. म्हणून माणसाला जास्त जपावं लागतं." मग तिनं हौशाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, स्वतः गप्प बसल्याचीसुद्धा. शेवटी तिचा आवाज चिरकला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "तवा म्या बोलले न्हाई. आता बोलतीया. चार दिवस पोरगा माझा. रव्यवारी पहिल्या तिघांत न्हाई आला तर तुमच्या कामात सोजरा पुन्हा तोंड घालणार न्हाई. मग हजार मारा न्हाईतर दोन हजार."

चांदभाईनं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद बराच वेळ काठीनं मातीत रेघा मारत होते. "बरं," ते म्हणाले.

मग काय, ज्योतीरामचा नुसता बैलपोळा सुरू झाला. सकाळी कोमट पाण्यानं अंघोळ, तिळाच्या तेलानं मालीश, ती तो स्वतःच करायचा आणि आत्या लांबून 'खालनं वर, खालनं वर' म्हणून ओरडायची. मग बैलांच्या मागं नदीपर्यंत संथ चालायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. परत येऊन जेवायचं आणि निजायचं. गुरुवारी पोरगा चिडचिडला. शुक्रवारी काही काम नसताना माळ्यावर दोनदा चढून आला. शनिवारी सकाळी त्यानं कुंपणावरून उडी मारली आणि आत्यानं ते चुलीपाशी बसून पाहिलं. तिनं भाकरी उलटली आणि कुणाला दिसणार नाही असं हसली.

त्याच शनिवारी वस्ताद पुन्हा आले. चेहऱ्यावर चोरट्यासारखा भाव. "शनवार हाय, सोजराबाई. मारुतीचा वार. मैदानाआधीच्या शनवारी एकशेआठ बैठकांचा रिवाज हाय आमचा. तेवढ्या तरी?"

"मारुतीला नारळ फोडा, वस्ताद. त्याला बैठकांची मोजणी कुणी शिकवली न्हवती."

वस्ताद नारळ फोडून आले. प्रसाद वाटताना म्हणाले, मारुती रागावला नाही बहुतेक. चांदभाई संध्याकाळी चाक घेऊन गंजीतला कडबा झाडत बसला, चाक चढवलं, सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि कान लावून ऐकलं. सोजराबाईनं त्याला विचारलं, "गाड्याच्या पुढं घोडी पळते, ती का म्हाईत हाय? तिच्या मागं बैलाला ओढ असती, आन् वारा बी कमी लागतो. पोराला सांगा, आधी कुणाच्यातरी मागं राहा."

चांदभाईनं चाक थांबवलं. "भाभी, हेच मी त्याला महिनाभर सांगतोय."

"मग बैलाचं बैलाला कसं?" असं विचारायचा मोह तिला झाला, पण ते म्हणणारे चांदभाई नव्हते. तिनं चहा टाकला.

रविवारी सकाळी सोजराबाई छकडा जुंपून खेडला गेली. शेजारी कोंडाजी वस्ताद बसले होते. रात्री चाकणलाच, चांदभाईच्या घरी मुक्काम केला होता त्यांनी, आणि खैरुन्निसानं केलेला शिरा अजून ओठांवर होता. चांदभाई शर्यतीच्या मागं सायकलवर. खेडच्या वेशीजवळ पताका बांधल्या होत्या, शाळेची पोरं झेंडे हलवत होती, ढोल वाजत होते. एकंदर चौदा जण पळणार होते. पुण्याचे, हडपसरचे, एक पोस्टात टपाल वाटणारा, त्याचं तर पोटच सायकलवर भरायचं.

सोजराबाई छकड्यावर उभी राहिली. आयुष्यात शेकडो बाऱ्या पाहिल्या, पण असा देव कधी आठवला नव्हता. तिला दौलतरावांची आठवण झाली, हौशाची झाली. पोरगा जिंकला नाही तरी चालेल, पण नीट उतरू दे, असं ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, नाही, तिसरा तरी येऊ दे रे बाबा. खोटं कशाला बोला?

नाशिककडं निघालेली एसटी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं, वाकीच्या पुलाशी टपालवाला पुढं आहे, मागं दोन पुण्याचे, त्यांच्या मागं तुमच्या चाकणचा एक.

"चौथा," वस्ताद म्हणाले.

"मागं राहायला सांगितलंय त्याला," सोजराबाई म्हणाली, पण तिचा हात छकड्याच्या दांडीवर घट्ट आवळला होता.

मग शिरोलीच्या बाजूनं धूळ दिसली. टपालवाला एकटाच पुढं. त्याच्या मागं दोघं, आणि त्या दोघांच्या पाठीला चिकटून लाल सदऱ्यातला ज्योतीराम. वेशीआधी चढ आहे, मोठा नाही पण मैलभराचा, दमलेल्याला डोंगर. चढ लागला आणि पुण्याच्या दोघांची डोकी हलायला लागली. ज्योतीराम सीटवरून उठला. उभ्यानं मारायला लागला, आणि सोजराबाईला इतक्या लांबून त्याच्या मांड्या दिसल्या. त्या दगड नव्हत्या, त्या चालत होत्या. हजार बैठकांची ताकद त्यांत होतीच की, नुसती श्वास घ्यायला जागा मागत होती. एकाला मागं टाकलं. दुसऱ्याला टाकलं. वस्ताद छकड्यावर उभे राहून अशा आवाजात ओरडले की बैल दचकले. टपालवाला मात्र हाताला लागला नाही. दोन सायकलींच्या अंतरानं तो पताकेखालून गेला, आणि पाठोपाठ ज्योतीराम.

दुसरा. सोजराबाई छकड्यातच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आनंदानं रडली, आणि हौशासाठीही रडली. आता दोन्ही एकाच पदरात मावत होतं.

ज्योतीराम सायकल हातात घेऊन सरळ चालत आला. "आत्या, भाकरी आणलीस का?" पोरगा धापा टाकत होता, पण पहिल्यासारखी भूक लागली होती. सोजराबाईनं फडकं सोडलं. पाठोपाठ चांदभाई पोचला, घामानं निथळत. त्यानं आधी सायकलला हात लावला, मग पोराला मिठी मारली, मग काय करावं न कळून वस्तादांनाही मारली. वस्तादांनी मारून घेतली. परतीच्या वाटेवर तिघे जण छकड्यात बसून पुढच्या वर्षीच्या शर्यतीची आखणी करत होते. एक दिवस माती, एक दिवस चाक, तिसऱ्या दिवशी नदी, असं काहीतरी ठरत होतं. सोजराबाई कासरा धरून बसली होती आणि मधे बोलत नव्हती. प्रत्येक गोष्ट तेच तिला विचारत होते, म्हणून मधे तोंड घालायची गरजच नव्हती.

गोष्ट इथंच संपली असती. पण मंगळवारी सकाळी सोजराबाई बैलांना पेंड घालत होती आणि अंगणात पावलं वाजली. वळून बघते तर कोंडाजी वस्ताद, आणि त्यांच्या मागं तालमीतले सात पैलवान, ओळीनं उभे. एकेक दरवाजाएवढा गडी, पण सगळ्यांच्या माना खाली.

"सोजराबाई," वस्ताद म्हणाले, "तालमीत बाईनं यायचं न्हाई, असा रिवाज हाय. तो मोडायचा अधिकार माझा न्हाई. म्हणून तालीम हितं आणलीया. ह्यातलं कोण दमलंय, तेवढं बघून सांगा."

सोजराबाईनं पेंडीचे हात लुगड्याला पुसले. परक्या पुरुषाच्या पायाला हात कसा लावायचा? तिनं खुंटीवरची बैलांची काठी घेतली आणि तिच्या बोथट टोकानं एकेकाची मांडी दाबत ओळीनं गेली. डोळ्यात बघत गेली. "हा चांगला हाय, ह्याला मातीत घ्या. ह्याला दोन दिवस नदीवर धाडा. हा दमलेला न्हाई, हा तमाशाला जाऊन जागतोय." तिसऱ्याचे कान लाल झाले आणि बाकीच्यांनी हसू दाबलं. सातही जण झाले.

"झालं?" वस्तादांनी विचारलं.

"न्हाई. एक राह्यलाय. बसा ओट्यावर, वस्ताद."

त्या म्हाताऱ्याला बस म्हणणारं माणूस पैलवानांनी अजून पाहिलं नव्हतं. वस्ताद क्षणभर उभेच राहिले, मग बसले. बसताना हात गुडघ्यावर टेकवला. सोजराबाईनं काठी पोटरीवर ठेवून हलकेच दाबली. म्हाताऱ्यानं दात आवळले, पण डोळ्यात पाणी आलंच.

"किती वर्सं झाली खाडा न करता?"

"एकेचाळीस."

"एकबी दिवस न्हाई?"

"लगीन लागलं त्या दिवशी बी पाचशे मारल्या हुत्या."

सोजराबाईनं काठी भिंतीला टेकवली. "सगळ्यांत जास्त तुमी दमलाय, वस्ताद. चार दिवस बसा. कुणी हसणार न्हाई, हसला तर माझ्याकडं पाठवा."

वस्तादांनी आपल्या सात पोरांकडं पाहिलं. एकानंही डोळा वर केला नाही, पण सगळ्यात धाकटा पुढं आला आणि त्यानं वस्तादांच्या हातातली काठी काढून घेऊन कोपऱ्यात ठेवली. मग म्हाताऱ्यानं खांद्यावरचा पंचा काढला, घडी करून शेजारी ठेवला, पाय लांब केले आणि भिंतीला पाठ टेकली. कितीतरी वेळ तसेच बसले, डोळे मिटून.

"चहा टाकता का?" ते म्हणाले. "साखर जास्त घाला."